१८०० ची अमेरिकन निवडणूक वर्गात घेताना: १३८ चिठ्ठ्या, १६ पाकिटं

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षीय निवडणुका नुसत्या सांगून शिकवल्या तर मुलांच्या वहीत चार नावं आणि चार सनावळ्या उरतात. खरी गोष्ट मतपत्रिकेत आहे. १७८७ च्या संविधानानं प्रत्येक निर्वाचकाला (राज्याच्या वतीनं अध्यक्ष निवडणाऱ्या माणसाला) दोन मतं दिली, पण कुठलं मत अध्यक्षासाठी आणि कुठलं उपाध्यक्षासाठी हे लिहायची सोय ठेवली नाही. जास्त मतं मिळतील तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. पक्ष नसलेल्या देशासाठी ही रचना ठीक होती. बारा-तेरा वर्षांत पक्ष उभे राहिले आणि ती अडकली. ही अडकण मुलांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या भरल्या की नीट कळते, म्हणून हा प्रयोग. नववी ते अकरावीच्या वर्गाला तीन तासिका पुरतात.

सातारा-सांगलीकडच्या मुलांना सुरुवात करून द्यायला एकच शब्द पुरे: पॅनेल. साखर कारखान्याच्या निवडणुकीत गटात जेवढ्या जागा तेवढी मतं असतात, आणि 'सगळे शिक्के एकाच चिन्हावर' हे वाक्य कराड-वाळव्याच्या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. मतदान पॅनेल टू पॅनेल झालं की त्या पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांची मतं जवळपास सारखी पडतात. कारखान्यात त्यानं काही बिघडत नाही, कारण ते सगळेच संचालक होणार असतात. १८०० साली खुर्ची एक होती आणि पॅनेल दोघांचं होतं. एवढं सांगून थांबा. पुढचं मुलांना मोजणीत सापडू द्या.

साहित्य असं लागतं. ए-फोर कागदाच्या आठ-आठ चिठ्ठ्या कापा. १८ कागदांत १४४ होतात, म्हणजे १३८ निर्वाचकांच्या आणि सहा जादा. सगळ्या पांढऱ्याच ठेवा, कारण पक्षवार रंग केले तर निकाल आधीच दिसतो. प्रत्येक चिठ्ठीवर नुसत्या दोन रिकाम्या रेघा ओढा. इथे सर्वांत जास्त चूक होते: सवयीनं वरच्या रेघेपुढे 'अध्यक्ष' आणि खालच्या रेघेपुढे 'उपाध्यक्ष' लिहिलं जातं. तसं केलं की पेच पडतच नाही आणि प्रयोग वाया जातो. शिवाय १६ पाकिटं, १६ कोरी प्रमाणपत्रं आणि भूमिकापत्रांचे (कुणी काय लिहायचं ते सांगणाऱ्या कागदांचे) दोन संच लागतात. दुसरा संच कशाला, ते पुढे येईल.

पन्नासच्या वर्गाची वाटणी: राज्यं १६. व्हरमाँटला दोन मुलं, मेरीलँडला चार, डेलावेअर आणि टेनेसीला एकेक, बाकीच्या बारा राज्यांना तीन-तीन. ही झाली ४४. तिघं मोजणीला, दोघं चिठ्ठ्या-पाकिटं वाटायला आणि एक सभाध्यक्ष. व्हरमाँट, मेरीलँड आणि डेलावेअरचे आकडे बदलू नका, तिसऱ्या तासिकेचा सगळा भार त्यांच्यावर आहे. पट कमी असेल तर बाकीच्या राज्यांतली मुलं कमी करा.

पहिली तासिका फळ्यावर. १७८९: ६९ निर्वाचक, वॉशिंग्टनला ६९ पैकी ६९, ॲडम्सला ३४, उरलेली मतं दहा जणांत विखुरलेली. १७९२: १३२ निर्वाचक, वॉशिंग्टनला पुन्हा सर्वच्या सर्व, पण दुसऱ्या मतावर आता ओढाताण दिसते: ॲडम्स ७७, जॉर्ज क्लिंटन ५०. या मधल्या काळात अर्थमंत्री हॅमिल्टननं राज्यांची कर्जं केंद्राकडे घेतली आणि १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक काढली. जेफरसन आणि मॅडिसन विरोधात गेले. फ्रेंच क्रांती आणि ब्रिटनशी जॉन जेनं केलेल्या तहानं फूट पक्की केली. एका बाजूला हॅमिल्टन-ॲडम्सचे फेडरलिस्ट, दुसऱ्या बाजूला जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन (अभ्यासक त्यांना डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात, आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्यांची गल्लत होऊ देऊ नका). १७९६ चे आकडे सावकाश लिहा: ॲडम्स ७१, जेफरसन ६८, थॉमस पिंकनी ५९. आपलाच दुसरा उमेदवार ॲडम्सच्या पुढे जाईल या धास्तीनं काही फेडरलिस्टांनी पिंकनीची मतं दुसरीकडे टाकली, ती गरजेपेक्षा जास्त पडली, आणि विरोधी पक्षाचा जेफरसन उपाध्यक्ष झाला. अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्याचा.

इथेच निर्वाचकांची संख्या कशी ठरते तेही सांगा: प्रतिनिधिगृहातल्या (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) जागा अधिक सिनेटचे (वरच्या सभागृहाचे) दोन. व्हर्जिनियाचे २१ इतके मोठे दिसतात, कारण जागा ठरवताना गुलामांची तीन पंचमांश संख्या धरली जायची आणि त्या माणसांना मत मात्र नव्हतं. हे घाईत उरकू नका. जेफरसनच्या विजयात या मोजणीचा वाटा होता.

दुसऱ्या तासिकेला १८०० चं मतदान. रिपब्लिकनांची जोडी जेफरसन आणि आरन बर, फेडरलिस्टांची ॲडम्स आणि पिंकनी. जेफरसन-बर लिहिणारी राज्यं: व्हर्जिनिया २१, न्यूयॉर्क १२, साउथ कॅरोलायना ८, जॉर्जिया ४, केंटकी ४, टेनेसी ३. ॲडम्स-पिंकनी लिहिणारी: मॅसॅच्युसेट्स १६, कनेक्टिकट ९, न्यूजर्सी ७, न्यू हॅम्पशायर ६, ऱ्होड आयलंड ४, व्हरमाँट ४, डेलावेअर ३. फुटलेली (जेफरसन-बरचा आकडा आधी): पेनसिल्व्हेनिया ८-७, नॉर्थ कॅरोलायना ८-४, मेरीलँड ५-५. ऱ्होड आयलंडच्या एका चिठ्ठीवर पिंकनीऐवजी जॉन जे. हा पिंकनी म्हणजे चार्ल्स कोट्सवर्थ, १७९६ च्या थॉमसचा भाऊ. फळ्यावर दोघांची पूर्ण नावं राहू द्या.

मुलांना मनानं मत देऊ देऊ नका, भूमिकापत्राप्रमाणेच चिठ्ठी भरायची. आणि गटागटांत बोलणं पूर्ण बंद. ३ डिसेंबर १८०० रोजी सगळ्या निर्वाचकांनी आपापल्या राज्यात मतदान केलं. 'बरचं एक मत कुणीतरी कमी करा' हे रिपब्लिकनांना कळत होतं, पण ते कोणत्या राज्यानं करायचं याची खात्रीशीर व्यवस्था झाली नाही. ऱ्होड आयलंडच्या त्या एका चिठ्ठीनं फेडरलिस्टांनी ते साधलं होतं.

सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर मोजायला घेतल्या तर चिठ्ठीमागे आठ सेकंद धरूनही अठरा मिनिटं जातात आणि मागचे बाक गप्पांना लागतात. त्यापेक्षा प्रत्येक गटानं आपली मोजणी करून प्रमाणपत्र पाकिटात बंद करावं आणि सभाध्यक्षानं १६ पाकिटं फोडावीत. प्रत्यक्षात पद्धत तीच होती. पाकिटं फोडण्याचं काम उपाध्यक्षाचं, म्हणजे त्या वेळी खुद्द जेफरसनचं. नावं पुकारताना 'आरन बर' असं पूर्ण म्हणायला सांगा, नुसतं 'बर' म्हटलं की मागच्यांना 'बरं' ऐकू येतं.

बेरीज अशी यायला हवी: जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५, पिंकनी ६४, जे १. एकूण २७६. जुळली नाही तर बहुतेक वेळा एखाद्या चिठ्ठीवर एकच नाव लिहिलेलं असतं. बहुमताचा आकडाही मुलं चुकवतात: २७६ चं निम्मं काढून १३९ म्हणतात. बहुमत निर्वाचकांच्या संख्येवर ठरतं, म्हणून ७०. दोघांनीही ते ओलांडलंय आणि दोघं बरोबरीत आहेत.

'मग चिठ्ठी टाका' असं कुणीतरी म्हणणारच, ग्रामपंचायतीत समान मतं पडली की तसंच होतं. संविधानानं मात्र हा निर्णय प्रतिनिधिगृहाकडे दिला होता. दर राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत.

तिसऱ्या तासिकेला भूमिकापत्रांचा दुसरा संच वाटा. साउथ कॅरोलायनाची मुलं तक्रार करतील: आम्ही जेफरसनला दिलं, आता बरला का? कारण निर्णय घेणारं सभागृह जुनं होतं, फेडरलिस्ट बहुमताचं, राज्याचं मत तिथल्या सदस्यांनी ठरवायचं, आणि जेफरसनला अडवायला फेडरलिस्ट बरच्या मागे उभे राहिले. जेफरसनकडे आठ: न्यूयॉर्क, न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, टेनेसी. बरकडे सहा: न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट, डेलावेअर, साउथ कॅरोलायना. व्हरमाँट एकास एक आणि मेरीलँड समसमान फुटलेलं, म्हणून दोघांचं मत कुणालाच नाही.

११ फेब्रुवारी १८०१ पासून ३५ फेऱ्या झाल्या, एकाही फेरीत नऊचा आकडा आला नाही. वर्गात पाच फेऱ्या घ्या, त्याहून कमी नको. तिसऱ्या फेरीनंतर मुलं वैतागतात आणि आपणहून सौदे सुचवू लागतात. ते सौदे फळ्याच्या कोपऱ्यात टिपून ठेवा. ॲडम्सची अध्यक्षपदाची मुदत ४ मार्चला संपते हेही मधूनमधून वाचून दाखवा.

मग १७ फेब्रुवारीची ३६ वी फेरी. व्हरमाँटच्या फेडरलिस्ट सदस्याच्या, मॉरिसच्या, भूमिकेतल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करा. राहिलेला एकटा मॅथ्यू लायन, १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेलेला आणि तिथूनच पुन्हा निवडून आलेला, जेफरसनला मत देतो. मेरीलँडचे फेडरलिस्ट कोरी चिठ्ठी टाकतात, त्यामुळे तेही राज्य जेफरसनकडे जातं. डेलावेअरचा एकटा प्रतिनिधी बेयर्ड कोरी टाकतो, साउथ कॅरोलायनाही तेच करतं. दहा, चार, दोन कोरी. या फेडरलिस्टांपैकी कुणी बाजू बदलून जेफरसनचं नाव लिहिलं नाही, ते फक्त बाजूला झाले. हा बारकावा मुलांकडून वदवून घ्या.

शेवटची पंधरा मिनिटं दुरुस्तीला. जून १८०४ मध्ये मंजूर झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीनं दोन पदांची मतं वेगळी केली. आता उरलेल्या जादा चिठ्ठ्यांवर 'अध्यक्ष' आणि 'उपाध्यक्ष' लिहून एका गटाकडून भरून घ्या आणि १८०४ चा निकाल फळ्यावर मांडा: जेफरसन १६२, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी १४. वेळ उरला तर जुन्याच चिठ्ठीवर एक प्रश्न द्या: बरचं एक मत तुमच्या राज्यानं कमी करायचं ठरलं आणि इतर राज्यांनीही तेच ठरवलं, तर उपाध्यक्ष कोण होईल? बर ६५ च्या खाली गेला तर ॲडम्स, हे उत्तर मुलं वहीत आकडे मांडूनच काढतात.