निकाल पटला नाही? आधी झेरॉक्स मागवा

दोन-तीन मार्कांनी विषय राहिला की पोरं थेट पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून मोकळी होतात. जरा थांबा. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा आणि त्या विषयाच्या सरांना सोबत घेऊन बसा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचंच राहिलं का, पुरवणी मोजली का, एवढं बघा. नुसती बेरीज चुकली असेल तर फेरमोजणी पुरते.

अर्जाची मुदत परिपत्रकात असते. नवापूर, अक्कलकुवा किंवा शिरपूरहून जळगावला विद्यापीठात खेटे घालण्याआधी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. अर्जाची पोच मात्र घ्याच, तोंडी 'होईल हो' कामाचं नाही.

उत्तरपत्रिका माहिती अधिकारातही मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तसा निकाल दिला आहे. फी 10 रुपये, प्रतींचा खर्च वेगळा. पण उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून जाते. म्हणून हा दुसरा रस्ता समजा.

तरीही अन्याय वाटला तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी जा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार समितीच्या निर्णयावर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरचं अपील ऐकणारा अधिकारी) अपील करता येतं. तिथे 'मार्क कमी पडले' एवढंच लिहिलं तर अर्ज घेणार नाहीत. नेमकी कोणती गडबड झाली आणि तिने निकाल कसा बदलला, किंवा भेदभाव कुठे झाला, ते पान व प्रश्न क्रमांकासह लिहा.