जागा नाही, प्रोजेक्ट शोधा: नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

नांदेड-परभणीकडून जीवशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, युनिव्हर्सिटीत जागा कधी निघतात?" कायम जागांची वाट बघत बसलात तर घरून आणलेले पैसे संपतील. इथली संशोधनातली बहुतेक भरती प्राध्यापकाला मंजूर झालेल्या प्रोजेक्टवर होते. पैसे डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा एएनआरएफ अशा संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्र सरकारी संस्थांचे. प्रोजेक्ट संपला की पदही संपलं. म्हणून इंटरव्ह्यूत बिनधास्त विचारा, "सर, ग्रँटची मुदत किती उरलीय?" कुणी रागावत नाही. शेवटचे सहा महिने उरलेल्या प्रोजेक्टवर रुजू होण्यात फारसा अर्थ नाही, अनुभवाचं पत्र तेवढं मिळतं.

खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, वेबसाइटवर वॉक-इनच्या, म्हणजे थेट इंटरव्ह्यूच्या, नोटिसा टाकतं. मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्स आणि फोटो घेऊन नोटिशीत दिलेल्या वेळेआधी पोहोचा. हे केंद्र होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटशी जोडलेलं आहे, पण प्रोजेक्टवर लागलात म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला असं नाही. त्याची निवड वेगळी होते. त्याशिवाय बेलापूर-नेरूळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम, पवईला आयआयटी, परळला आयसीएमआरची प्रजनन-आरोग्य संस्था. या सगळ्यांची नोटीस-पानं आठवड्यातून एकदा चाळा. एजंटला एक रुपयाही देऊ नका.

नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षांपैकी एक काढलेली असेल तर जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, २०२३च्या सुधारित दराने महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. नसेल तर प्रोजेक्ट असिस्टंटसारखी कमी पगाराची पदं. गेट बायोटेक्नॉलॉजीतून किंवा लाइफ सायन्सेसमधून देता येतं, आणि २०२४पासून डेटा सायन्सचा पेपरही आहे.

कॉम्प्युटरवरचं काम हवं असेल तर कोर्सच्या सर्टिफिकेटांची चळत कुणी बघत नाही. जीईओ या जनुकांच्या माहितीच्या खुल्या साठ्यातून आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कुठली जीन्स किती चालू आहेत ते मोजणारा) एक डेटासेट उतरवा, लिनक्सवर अलाइनमेंट करा, म्हणजे आरएनएचे तुकडे जीनोमवर जुळवा, 'आर' या प्रोग्रामिंग भाषेत कुठली जीन्स वर-खाली झाली ते काढा आणि कोड गिटहब या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मूळ पेपरपेक्षा तुमचं उत्तर वेगळं का आलं हे सांगता आलं, तर अर्धा इंटरव्ह्यू तिथेच जिंकलात. लॅबमध्ये स्वतःच्या हाताने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) केलेला आणि पायथॉनही येणारा माणूस इथे सहज सापडत नाही, तेव्हा लॅबचा अनुभव सीव्हीत तळाशी ढकलू नका. "रिस्पेक्टेड सर" म्हणून एकच मेल पन्नास प्राध्यापकांना पाठवणं मात्र बंद करा. त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीबद्दल दोन ओळी लिहा.

राहायची जागा नेमणुकीची ऑर्डर हातात आल्यावरच ठरवा. पवई, परळ असेल तर ठाणे सोयीचं; परळला मध्य रेल्वे थेट, पवईसाठी कांजूरमार्गला उतरून पुढे जावं लागतं. खारघर, बेलापूर असेल तर हार्बर रेल्वेमार्गावर रहा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येता येतं, पण सकाळची गर्दी तुम्ही बघितलेली नाही. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो आणि नेमणूक कित्येकदा सहाच महिन्यांची, तेव्हा सही करण्याआधी लॉक-इनची (ठरावीक काळ घर सोडता न येण्याची) अट वाचा आणि ती कमी करून घ्या.