स्वतःच्या लिपीचा फॉन्ट बनवताय? या चुका टाळा

दहावीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने चौतीस अक्षरांची लिपी रचली. फॉन्टचं काम अर्थातच मामाच्या गळ्यात. इंदुरात रामबागेत लग्नपत्रिका जुळवणारा माणूस मी, नाही कसं म्हणणार?

पठ्ठ्याने आपला क इंग्रजी 'के'वर बसवला होता. ही चूक आमच्या पिढीने करून भोगलीय. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधला क म्हणजे मुळात इंग्रजी 'डी'. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरंच दिसतात, पत्रिकेचा चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ई००० ते एफ८एफएफ अशा ६,४०० जागा खासगी वापरासाठी राखून ठेवल्या आहेत. अक्षरं तिथे ठेवा.

पण खासगी म्हणजे रिकामी नव्हे. भाच्याने ई०ए०पासून मांडणी केली आणि टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देतात त्या खिडकीत, पहिल्या अक्षराऐवजी फाटा फुटलेली फांदी उगवली! तिथल्या फॉन्टमध्ये त्याच जागांवर आधीच पॉवरलाइन या टर्मिनल सजवणाऱ्या साधनाची चिन्हं होती. कल्पित लिप्यांची कॉनस्क्रिप्ट नावाची नोंदवहीही आहे. त्यात टॉल्किनच्या कथांमधली टेंगवार ई०००पासून, 'स्टार ट्रेक'मधली क्लिंगॉन एफ८डी०पासून. आधी ती चाळा.

खरं डोकं खाल्लं वेलांटीने. त्याच्या लिपीतही इकाराची खूण डावीकडे लागते. देवनागरीत 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. तिला डावीकडे नेणं सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. खासगी जागेतल्या अक्षराची त्याला ओळखच नसते, त्यामुळे खूण उजवीकडेच राहते.

"मामा, टाइप करतानाच आधी वेलांटी मारू?"

नको रे बाबा. मग 'क'ने सुरू होणारे शब्द शोधले तर 'किती' सापडणारच नाही. प्रत्येक व्यंजनासाठी वेलांटीसकट एकेक जोड-आकार काढा आणि क अधिक खूण आली की तो बसेल असा नियम फॉन्टमध्ये लिहा. आम्ही लिहिला, ढिम्म. तासाभराने उमगलं की तो देवनागरीच्या खात्यात नोंदवला होता. 'डीएफएलटी' या सामान्य खात्यात हलवला आणि वेलांटी जागेवर आली.

कोडिंगसाठी फॉन्ट हवा तर सगळ्या अक्षरांची रुंदी एकच ठेवा. आमचं एकच अक्षर ६००ऐवजी ६४० राहिलं आणि खालचे रकाने तिरके झाले.

दोन शब्दांमध्ये भाचा जागा सोडत नाही, ठिपका देतो. तोही खासगी जागेतला, म्हणून ब्राउझरमध्ये अख्खा परिच्छेद एकाच ओळीत चौकटीबाहेर पळाला. प्रत्येक ठिपक्यानंतर शून्य रुंदीची जागा, म्हणजे २००बी, टाकल्यावर ओळी तुटल्या.