थ्रॉटल बंद, तरी आरपीएम चढलेले

इंजिन गरम झाल्यावरही आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) खाली येईना. स्कॅनर लावला, तर मॅप सेन्सर (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) ५२ किलोपास्कल दाखवत होता. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलला साधारण ३० ते ४० दाखवतं; टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसेल तर पूर्ण थ्रॉटलला (हवेची झडप पूर्ण उघडी असताना), समुद्रसपाटीवर, १०० च्या आसपास. मॅनिफोल्डमधला दाब वाढला की प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, ईसीयू (इंजिनचा संगणक) त्या मापाने पेट्रोल सोडतो आणि ताकद वाढते. इथे थ्रॉटल तर बंद! म्हणजे हवा दुसरीकडून शिरत होती. अशा वेळी सेन्सरवर खर्च करण्याआधी मॅनिफोल्डला जोडलेले होज (रबरी नळ्या) बघावेत. ब्रेक बूस्टरचा (मॅनिफोल्डमधल्या कमी दाबाच्या जोरावर ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या भागाचा) होज पकडीने हलकेच दाबला आणि आरपीएम झटकन उतरले. क्लिपच्या मागे, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. होज बदलल्यावर आकडा ३४ वर स्थिरावला. ब्रेकचं पेडलही हलकं झालं.