‘करून टाका, कागद नंतर बघू’ : फेडरल कंत्राटात या चुका टाळा

शुक्रवारी दुपारी साडेतीनला फोन आला. पलीकडे प्रकल्पाच्या प्रमुख बाई होत्या. दोन वर्षं आम्ही त्यांच्या खात्याचं काम करत होतो आणि माणूस म्हणून त्या फार भल्या होत्या. ‘रिपोर्टमध्ये आणखी एक भाग घालायचाय. सोमवारी सुरू करा, कागदाचं मी बघते.’ आम्ही सुरू केलं. आमची दोन माणसं तीन आठवडे त्यात गुंतली. बिल पाठवलं आणि ते परत आलं, कारण हे काम कंत्राटातच नव्हतं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना ते काम खरोखरच हवं होतं. पण ते सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची कामं करणारे पुष्कळ मराठी लोक आहेत. कोणी मोठ्या प्राइम (म्हणजे सरकारशी थेट कंत्राट असलेल्या) कंपनीत नोकरीला आहेत, कोणी दहा-वीस माणसांची स्वतःची कंपनी चालवतात, काही थेट सरकारी खात्यात आहेत. आपलं तांत्रिक काम बहुतेकदा चोख असतं. पैसे बुडतात ते कागदावर, अधिकारावर आणि मुदतीवर. २०२३ च्या आर्थिक वर्षात या सरकारने कंत्राटांवर सुमारे ७५९ अब्ज डॉलर खर्च केले. त्या पैशाचे नियम किचकट आहेत, पण ते छापलेले आहेत आणि सगळ्यांना वाचता येतात.

तोंडी शब्दावर काम सुरू करणं

सरकारला पैशाच्या बाबतीत बांधून घेऊ शकते ती एकच व्यक्ती, कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर, म्हणजे सीओ. त्यांना लेखी अधिकारपत्र दिलेलं असतं. त्याला ‘वॉरंट’ म्हणतात आणि त्यात रकमेची मर्यादाही असू शकते. रोज आपल्याशी बोलणारी व्यक्ती बहुधा सीओआर असते, म्हणजे सीओची प्रतिनिधी. ती काम तपासते, तांत्रिक सूचना देते. किंमत, मुदत किंवा कामाची व्याप्ती बदलणं तिच्या हातात नसतं. प्रकल्प प्रमुख कितीही वरच्या हुद्द्यावर असले, तरी त्यांच्याही हातात नसतं.

हा कायदा किती कडक आहे ते एका पीकविम्याच्या खटल्यातून कळतं. आयडाहोतल्या मेरिल बंधूंनी १९४५ साली ४६० एकर गव्हाचा विमा सरकारी महामंडळाकडे काढला. त्यातल्या ४०० एकरांवर हिवाळी गव्हाच्या जागी दुबार पेरणी केली आहे, हे त्यांनी स्थानिक प्रतिनिधींना आधीच सांगितलं होतं. सगळं पीक विम्यात बसतं, असं उत्तर त्यांना मिळालं. मग दुष्काळात पीक गेलं, आणि महामंडळाने छापील नियम पुढे केला: अशा दुबार पेरणीला विमा नाही. १९४७ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी महामंडळाच्या बाजूने निकाल दिला. सरकारशी व्यवहार करणाऱ्याने समोरच्याचा अधिकार कुठवर आहे हे स्वतःच पाहून घ्यावं, असं त्याचं तात्पर्य. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरुद्ध मत नोंदवलं होतं. मला आजही त्यांचीच बाजू न्यायाची वाटते. पण चालतो तो बहुमताचा निकाल.

ही चूक फक्त कंत्राटदारांचीच असते असं नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्या दिवशी जेमतेम ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. संकेतस्थळ कोसळलं ते सगळ्यांनी पाहिलं, पण आतली गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओने २०१४ च्या अहवालात लिहिलं की, अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांनी कंत्राटदारांना वाढीव काम सांगितल्याचे सुमारे ४० प्रसंग घडले आणि त्यांची रक्कम ३ कोटी डॉलरच्या वर गेली. संकेतस्थळाच्या मुख्य प्रणालीसाठी द्यायचा ठरलेला खर्च सप्टेंबर २०११ मध्ये ५ कोटी ६० लाख डॉलर होता, तो फेब्रुवारी २०१४ पर्यंत २० कोटी ९० लाखांच्या पुढे पोचला. कामं अनेक कंपन्यांना वाटलेली होती आणि ती एकत्र जुळवण्याची जबाबदारी खात्याने स्वतःकडेच ठेवली होती. तुम्ही खात्याच्या बाजूला बसत असाल, तर हा अहवाल मन लावून वाचा. घाईच्या दिवसांत भल्या माणसांकडून नेमकं हेच होतं.

उपाय अगदी साधा आहे आणि तो करताना संकोच वाटतो. भीड ही भिकेची बहीण, हे इथे शब्दशः खरं ठरतं. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत सीओआर आणि सीओ दोघांनाही मेल करा: ‘आजच्या बोलण्यात अमुक काम सांगितलं गेलं. आमच्या समजुतीप्रमाणे ते सध्याच्या कंत्राटाबाहेर आहे. आपला लेखी आदेश आला की सुरू करू.’ एवढ्याने कोणी रागावत नाही. उलट चांगल्या सीओआरला हायसं वाटतं, कारण गोत्यात येण्यापासून त्याही वाचतात.

काम आधीच होऊन गेलं असेल तर ‘रॅटिफिकेशन’ मागता येतं, म्हणजे अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने त्या कामाला मागाहून मान्यता देणं. त्यासाठी सरकारला कामाचा उपयोग झालेला असावा लागतो, किंमत वाजवी असावी लागते आणि काम झालं त्या वेळी निधी उपलब्ध असावा लागतो. तो हक्क मात्र नाही, मान्यता नाकारलीही जाऊ शकते.

तास नंतर भरणं

खर्चावर आधारित कंत्राटात, म्हणजे झालेला खर्च सरकार भरून देतं अशा कंत्राटात, टाइमशीट हेच बिल असतं. रोजचे तास रोज भरायचे, ज्याने काम केलं त्यानेच भरायचे, आणि सुट्टी, प्रशिक्षण, कंपनीची अंतर्गत कामं धरून सगळे तास दाखवायचे. शुक्रवारी बसून आठवून आठवडा भरणं ही सवय फार पसरलेली आहे. संरक्षण खात्याचे लेखापरीक्षक न कळवता येऊन एखाद्याच्या टेबलाशी उभे राहतात आणि विचारतात, ‘काल कशावर काम केलंत, आणि ते कुठे भरलंत?’

त्याहून वाईट सवय म्हणजे एका कंत्राटातला निधी संपला की त्याचे तास पैसे शिल्लक असलेल्या दुसऱ्या कंत्राटावर टाकणं. ‘दोन्हीकडे सरकारच आहे ना’ ही समजूत माणसाला थेट फॉल्स क्लेम्स कायद्याच्या दारात नेते. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांना आवर घालायला १८६३ साली केलेला हा कायदा आजही तितकाच धारदार आहे. नुकसानीच्या तिप्पट भरपाई लागते, शिवाय प्रत्येक खोट्या मागणीला वेगळा दंड. आणि आतली बातमी देऊन खटला भरणाऱ्याला वसुलीचा १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो.

चूक सापडली तर खाडाखोड करू नका. जुनी नोंद दिसू द्या, दुरुस्ती वेगळी करा, कारण लिहा, कर्मचारी आणि वरिष्ठ दोघांची सही घ्या. आमच्या त्या तीन आठवड्यांतही हाच घोळ झाला होता. एकाने सवयीने आपले तास जुन्याच टास्कवर टाकले होते. ते आधी दुरुस्त करून त्याचे पैसे सरकारला परत केले, तेव्हाच आम्ही रॅटिफिकेशनची फाइल पुढे पाठवली. ती मंजूर व्हायला सात महिने लागले. दोन माणसांचा तीन आठवड्यांचा पगार सात महिने अडकणं छोट्या कंपनीला किती जड जातं, हे ज्यांनी महिनाअखेर काढली आहे त्यांना सांगायला नको.

निधी संपेपर्यंत गप्प राहणं

टप्प्याटप्प्याने निधी मिळणाऱ्या खर्चाधारित कंत्राटात एक कलम असतं: पुढच्या ६० दिवसांत एकूण खर्च दिलेल्या निधीच्या ७५ टक्क्यांवर जाईल असं दिसलं, की सीओला लेखी कळवायचं. कळवलं नाही आणि निधीच्या पुढे खर्च झाला, तर तो भरून द्यायला सरकार बांधील नसतं. दर महिन्याला हा आकडा काढून ठेवा.

संसदेत निधी वेळेत मंजूर न झाल्याने सरकार बंद पडतं, तेव्हा याचा खरा चटका बसतो. २०१८-१९ मध्ये कामकाज ३५ दिवस अंशतः बंद होतं, २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस. २०१९ च्या कायद्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळण्याची तरतूद झाली. कंत्राटदारांच्या माणसांसाठी तशी तरतूद नाही. त्यांत इमारती झाडणारे, पहारा देणारे, उपाहारगृहात राबणारे लोकही आले, आणि मला हा अन्याय वाटतो. तुमच्या हातात एवढंच असतं की १ ऑक्टोबरच्या, म्हणजे सरकारचं नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या, आधी प्रत्येक कंत्राटाचा निधी कुठवर पुरतो ते तपासायचं, काम थांबवायचं की चालू ठेवायचं हे सीओकडून लेखी घ्यायचं, आणि निदान दीड महिन्याच्या पगाराची सोय बँकेत करून ठेवायची.

पुण्याच्या टीमला फाइल पाठवणं

आपल्या लोकांकडून ही चूक सहज होते, कारण पुण्यात चांगली माणसं असतात आणि इथे रात्र असते तेव्हा ती कामावर असतात. खासगी ग्राहकाच्या कामात त्यात काही गैर नाही. फेडरल कामात मात्र आधी कंत्राटातली कलमं वाचा. अनेक कंत्राटांत माहिती आणि ती हाताळणारी माणसं अमेरिकेतच असावीत अशी अट असते. शस्त्रास्त्रांशी संबंधित किंवा निर्यातीवर नियंत्रण असलेली तांत्रिक माहिती पुण्यातल्या लॅपटॉपवर उघडली, तरी ती निर्यात धरली जाते. एवढंच काय, इथेच शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एच-वन-बी व्हिसावरच्या सहकाऱ्याला दाखवली, तरीही.

संरक्षण खात्याची ‘सीयूआय’ म्हणजे गुप्त नसलेली पण जपायची माहिती हाताळत असाल, तर ११० सुरक्षा अटींची यादी लागू होते, आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. १० नोव्हेंबर २०२५ पासून सीएमएमसीची, म्हणजे कंत्राटदाराची सायबर सुरक्षा जोखणाऱ्या व्यवस्थेची, पातळी नव्या संरक्षण कंत्राटांत टप्प्याटप्प्याने अट म्हणून येऊ लागली आहे. ‘आमचं सगळं पूर्ण आहे’ असं नुसतं लिहून देऊ नका. सायबर सुरक्षेबद्दल चुकीचं चित्र दिल्याच्या आरोपावरून एरोजेट रॉकेटडाइनने २०२२ साली ९० लाख डॉलरची तडजोड केली. आरोप करणारा त्यांचाच माजी कर्मचारी होता.

मालाच्या बाबतीतही भारताचं एक वेगळं दुखणं आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या अनेक सरकारी खरेद्यांना ट्रेड अ‍ॅग्रीमेंट्स कायदा लागतो, आणि त्यातल्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही. पण लगेच हात टेकू नका. एका हेपॅटायटिस-बीच्या गोळीतलं मुख्य औषधी द्रव्य भारतातलं होतं आणि गोळ्या न्यू जर्सीत बनत होत्या. ती गोळी भारतीय माल धरता येणार नाही, असा निकाल फेडरल सर्किट न्यायालयाने २०२० साली दिला. माल कुठे तयार होतो याचा टप्प्याटप्प्याने कागद ठेवा, तोच उपयोगी पडतो.

छोट्या वाटणाऱ्या मुदती

सॅमची, म्हणजे सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावरची, नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते. कंपनीच्या नावात किंवा पत्त्यात जरा फरक निघाला तर त्यात आठवडे जातात, म्हणून दोन महिने आधी हात घाला. निविदा एक मिनिट उशिरा पोचली तरी ती उशिराच. आदल्या दिवशी पाठवा आणि पोचल्याची पावती ठेवा.

कंत्राट मध्येच तुटलं की हताश होणं

२०२५ च्या सुरुवातीला ‘सरकारच्या सोयीसाठी समाप्ती’ या कलमाखाली धडाधड कंत्राटं तुटली. हा अधिकार सरकारकडे असतो, आणि पुढे मिळू शकला असता तो नफा मागता येत नाही. पण झालेल्या कामाचे, आवरासावरीचे, सब-कॉन्ट्रॅक्टरना द्याव्या लागणाऱ्या वाजवी रकमांचे पैसे मागता येतात. नोटीस आली त्याच दिवशी काम थांबवा, आपल्या सबना लेखी कळवा, आणि त्या क्षणापासूनचे तास व खर्च वेगळ्या खात्यात टाका. तडजोडीचा प्रस्ताव द्यायला साधारणपणे समाप्तीच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. खचून जाऊन तो न देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हक्काचा पैसा तसाच राहिला याचं मला फार वाईट वाटतं.

विनंतीलाच दावा समजणं

सीओला पाठवलेलं नाराजीचं पत्र म्हणजे दावा नव्हे. १९७८ च्या कॉन्ट्रॅक्ट डिस्प्यूट्स कायद्याप्रमाणे दावा लेखी हवा, त्यात नेमकी रक्कम हवी, सीओच्या अंतिम निर्णयाची मागणी हवी, आणि रक्कम एक लाख डॉलरच्या वर असेल तर ठरलेल्या शब्दांत प्रमाणपत्र हवं. असा दावा सीओला मिळाला की त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. नुसत्या विनंतीवर ते मिळत नाही. तुम्ही सब असाल तर सरकारकडे थेट जाता येत नाही, प्राइमने तुमचा दावा आपल्या नावाने पुढे न्यावा लागतो. तसं कलम सब-कॉन्ट्रॅक्टवर सही करतानाच घालून घ्या.

अंतिम निर्णय विरुद्ध गेला तर कंत्राट अपील मंडळाकडे जायला ९० दिवस मिळतात, फेडरल क्लेम्स न्यायालयात जायला १२ महिने. निर्णयाचं पत्र हातात पडलं त्या दिवसापासून ही मुदत मोजली जाते. म्हणून पत्र आल्याची तारीख पाकिटावरच लिहा, मेलने आलं असेल तर तो मेल जपून ठेवा, आणि त्याच दिवशी वकिलाला फोन करा.