नायक चौदाचा, मग प्रेक्षक कितीचा? छोट्या चित्रपटवाल्यांनो, या चुका टाळा

नववीतला मुलगा, तालुक्याची शाळा, पहिलंवहिलं प्रेम. मग आपला प्रेक्षक कोण? शाळा-कॉलेजातली पोरं, दुसरं कोण! एका छोट्या मराठी चित्रपटाच्या बैठकीत हे मीच छातीठोकपणे सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तीन कॉलेजांच्या फाटकांवर पोस्टर लागली. शुक्रवारी सकाळी साडेअकराचे शो मागून घेतले. पहिल्या शोला अकरा माणसं, त्यातली चार आमचीच. रविवारी दुपारी चारचा एक शो वितरकाने जवळजवळ उपकार म्हणून दिला होता, तो मात्र पाऊण भरला. आलेले बहुतेक चाळिशीचे. काहींनी पोरांना ओढत आणलं होतं, आणि पोरं मध्यंतरापर्यंत मोबाइलमध्ये होती.

नायकाचं वय तेच प्रेक्षकाचं वय, असं धरणं ही या प्रकारातली सगळ्यात महागडी चूक. वयात येण्याची गोष्ट बहुतेकदा ते वय मागे टाकलेल्यांनाच जास्त भिडते. चौदाचा मुलगा त्या गोंधळात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याला पडद्यावर आपल्याहून मोठी, बाइक उडवणारी माणसं हवी असतात. ‘शाळा’ आठवून बघा. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट जानेवारी २०१२मध्ये लागला. वर्ग नववीचा, काळ आणीबाणीचा. १९७५ साली खरोखर नववीत असलेला माणूस तो पाहायला गेला तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता.

म्हणून पोस्टरवर खर्च करण्याआधी एक साधा हिशेब करा. गोष्ट कोणत्या सालची, नायक तेव्हा केवढा, आणि तो आज केवढा? १९९८ सालचा चौदा वर्षांचा मुलगा आज चाळिशी ओलांडून बसलाय. घराचे हप्ते आहेत, मुलगी दहावीला आहे, रविवारची दुपार तेवढी मोकळी आहे. त्याच्यासाठी शुक्रवारी सकाळचा शो लावून काय उपयोग? गोष्ट आजची असेल तर हिशेब बदलतो, पण तेव्हाही कॉलेजच्या फाटकाआधी त्या मुलाच्या आईबापांचा विचार करून बघा.

दुसरी चूक पहिलीची सख्खी बहीण: बघणारा आणि तिकीट काढणारा यांची गल्लत. ‘किल्ला’ला २०१४मध्ये बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागात, मुलांच्याच ज्युरीकडून ‘क्रिस्टल बेअर’ मिळालं. पुढच्या वर्षी, जूनच्या अखेरीस, तो आपल्याकडे लागला. अशा बक्षिसावरून ‘म्हणजे हा बालचित्रपट’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण आपल्याकडे अकरा वर्षांचं पोर एकटं थिएटरात जात नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं. त्या चित्रपटात कोकणात बदली होऊन आलेली, नवरा गमावलेली, नोकरी करणारी आई आहे, आणि तिचं एकटेपण मुलाइतकंच ठळक आहे. म्हणजे चित्रपटाला दोन दारं आहेत. तुमच्या चित्रपटाचं दुसरं दार कोणतं, हे ट्रेलर कापण्याआधी शोधा. आमच्या ट्रेलरमध्ये बाप सव्वा सेकंद दिसत होता, आणि रविवारी बाहेर पडणारी माणसं बोलत होती ती फक्त बापाबद्दल.

‘आपला सिनेमा सगळ्यांसाठी आहे’ म्हणणाऱ्या निर्मात्याला चहा पाजा आणि विषय बदला.

व्ह्यूजचा आकडा बघून हुरळून जाणंही नेहमीचंच. गाण्याला लाखभर व्ह्यूज मिळाले म्हणून कुणी शो वाढवून मागू नयेत. आकडा बाजूला ठेवून कमेंट वाचा. ‘गाणं भारी’ लिहिणारा पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. ‘आमच्याही शाळेत असेच एक पीटीचे सर होते’ असं चार ओळी लिहिणारा माणूस तिकीट काढण्याची शक्यता जास्त. अशा पन्नास कमेंट वेगळ्या काढा आणि लिहिणारे साधारण कोणत्या वयाचे, कोणत्या भागातले ते बघा. आम्ही हे केलं, पण चित्रपट उतरल्यावर.

सेन्सॉरचं मात्र आधीच ठरवायला हवं. २०२४च्या नियमांनंतर यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे झाले. हे पालकांना दिलेले इशारे आहेत. पालक बरोबर असतील तर दार बंद होत नाही. ‘ए’ची गोष्ट वेगळी: अठराखालच्याला थिएटरात प्रवेशच नाही, आणि टीव्हीवर दाखवायचं तर काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्राच्या रांगेत. वर्गातल्या पोरांच्या तोंडी शिव्या खऱ्या वाटतात, मान्य. पण सहकुटुंब रविवार हाच तुमचा प्रेक्षक असेल, तर कोणती शिवी जीव गेला तरी ठेवायची आणि कोणती नुसत्या सवयीने आलीय, हा वाद संकलनाच्या टेबलावरच मिटवा.

तारखेचं काय सांगायचं! फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या घरात बोर्डाची परीक्षा, त्या घरातून कुणीच बाहेर पडत नाही. ती संपते तोवर आयपीएल.

तरीही शुक्रवार कोरडा गेलाच, तर? हातपाय गाळण्याआधी बुकिंग अॅपवर सीटांचा नकाशा उघडा. कोपऱ्यात सुट्या एकेक सीट गेल्या असतील, तर चोखंदळ सिनेमावेडे आलेत. ते लिहितील, पण संख्येने थोडेच. मधल्या रांगेत चार-चारचे गठ्ठे दिसले तर कुटुंबं आहेत. सात-आठ सीट एका ओळीत, तीही दुपारची, म्हणजे बहुधा भिशीचा नाहीतर जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप. असा एक गठ्ठा दिसला की त्या शोच्या दारात स्वतः जाऊन उभे राहा. बाहेर पडणाऱ्यांना ‘सिनेमा कसा वाटला?’ विचारू नका, तोंडावर सगळे छानच म्हणतात. ‘कुणाला सांगाल बघायला?’ असं विचारा. आमच्या दारात एका बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘माझ्या भावाला. तो बाबांशी बोलत नाही.’

त्याच संध्याकाळी आम्ही वितरकाला फोन केला, सकाळचे पाचही शो सोडले आणि त्यांच्या बदल्यात शनिवार-रविवारी दुपारचे दोन मागितले. एकच मिळाला.