पहिल्या पावसाआधी: कारखान्याच्या आवारात या चुका टाळा

"आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो?" सोलापुरात आवारातल्या गटारांचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, हे खरं. पण गटाराची परीक्षा सप्टेंबरातला एक सपाटा घेतो, सरासरी नव्हे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पत्रा आणि काँक्रीट मिळून एक एकर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर दोन लाख लिटर पाणी गेटकडं धावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर, तेही मे महिन्यात ज्यांची आपण वाट बघत बसतो ते. वर्षाच्या आकड्यावरून पाइपाचा व्यास ठरवणं ही पहिली चूक.

दुसरी चूक जास्त महाग पडते: पहिल्या पावसाआधी आवार साफ न करणं. थंड प्रदेशातल्या बंदरांत हिवाळाभर बर्फात मुरलेलं मीठ, तेल आणि धूळ बर्फ वितळताना एकदम वाहून समुद्रात जाते. आपल्याकडं बर्फाचं काम कोरडे महिने करतात. ट्रकखाली सांडलेलं डिझेल, जनरेटरपाशी ठिबकलेलं ऑइल, डाइंगच्या गोदामाबाहेरची रंगाची भुकटी, टॉवेलच्या लूममधून उडालेलं लिंट (सुताचे बारीक तंतू), गंजक्या पत्र्यावरचं जस्त हे सगळं पहिल्या पावसाची वाट बघत पडून असतं. त्यामुळं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचं पाणी सगळ्यात घाण असतं. रोहिणी लागायच्या आत आवार झाडून घ्या. झाडूनच, नळी मारून नाही. नळी मारली की पावसाचं काम तुम्हीच आधी उरकलंत. तेलाचे डाग सुक्या भुश्शानं किंवा कॉटन वेस्टनं टिपा. पण ते भिजलेलं वेस्ट घातक कचऱ्यात मोडतं, बॉयलरमध्ये टाकू नका.

तेल अडवायला शेवटच्या चेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला खाली वळवलेला एल्बो (पाइपाचा वाकडा तुकडा) बसवतात. तेल वर तरंगतं, पाणी तळातून बाहेर पडतं, साधी युक्ती. पण सोलापूरच्या उन्हात तो चेंबर मेअखेर ठणठणीत कोरडा पडतो. मग पहिल्या सरीला पाणी चढताना वरचं तेल एल्बोच्या तोंडातून आत शिरतं आणि थेट नाल्यात जातं. पावसाआधी चेंबर बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंत भरून ठेवा, गाळ काढून. दोन बादल्यांचं काम नाही, पण टँकरचंही नाही.

जाळी तुंबते ती बहुतेक वेळा प्लास्टिकनं नाही, लिंटनं. ओलं झालं की त्याचा नमदा होतो आणि आडवी जाळी झाकणासारखी बंद पडते. तिथं तिरकी, पिंजऱ्यासारखी जाळी लावा. खालचा भाग भरला तरी वरून पाणी जात राहतं.

काही ठिकाणी पावसाचा पाइप सरळ ईटीपीला (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) जोडलेला असतो: "सगळं पाणी शुद्धच होऊन जाईल." होत नाही. टाकी ओसंडते, घाण खाणारे बॅक्टेरिया वाहून जातात, आणि पुढचे काही दिवस रंगाचं पाणीही नीट शुद्ध होत नाही. उलटी तपासणीही करा: कोरड्या दिवशी पावसाळी गटारात पाणी वाहत असेल, तर कुणाचा तरी पाइप चुकीच्या जागी जोडलेला आहे.

काळ्या मातीत शोषखड्डा काढून निश्चिंत होऊ नका. ती ओली झाली की फुगते, छिद्रं मिटतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि चेंबर-पाइपाचा जोड तोडते. आवारातले पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक) का उचलले गेले याचं उत्तर मातीच्या या फुगण्या-आकसण्यात सापडतं. आवाराचं पाणी बोअरमध्ये सोडायचं तर नावच नको. बोअरला फक्त छताचं पाणी, तेही पहिल्या एक-दोन सरी बाहेर काढून आणि फिल्टरमधून.

आणि सगळं नीट असूनही गेटपाशी तळं साचत असेल, तर पाइपात काठ्या घालण्याआधी बाहेरचा रस्ता बघा. डांबराचे थर चढत चढत तो तुमच्या आवारापेक्षा उंच झालेला असतो. गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी धरली की दहा मिनिटांत कळतं. गेटच्या आत आडवी चर काढून पाणी बाजूच्या नाल्याकडं वळवा. पण नाल्याचा तळ चरीच्या तळापेक्षा खाली आहे का, हे त्याच नळीनं आधी मोजा.